निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही

‘बायोप्सी निगेटिव्ह आली की निर्धास्त व्हा’ हे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरच्या तपासणीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. बायोप्सीत सोनोग्राफी बघत सुईनं प्रोस्टेटचे सहसा १२ बारीक तुकडे तपासायला घेतात. सुई गाठीच्या बाजूनं गेली की रिपोर्ट चांगलाच येणार. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात आधी एमआरआय करून फक्त संशयित जागी सुई घातली, तेव्हा दखल घेण्याजोगा कॅन्सर ३८ टक्के पुरुषांत सापडला. नेहमीच्या पद्धतीनं २६ टक्क्यांत. आमच्या मामांचा पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीतला आकडा) बायोप्सीच्या निगेटिव्ह रिपोर्टनंतरही चढतच होता. धारूरहून संभाजीनगरला नेऊन एमआरआय केला तेव्हा कुठं प्रोस्टेटच्या पुढच्या भागातली गाठ दिसली. (खर्चाचं विचारूच नका.) आणि गुदद्वाराऐवजी वृषणामागच्या कातडीतून सुई घालतात, त्यात जंतुसंसर्ग कमी होतो, त्यावर लेखात एक ओळही नाही.