ऑनलाइन टेंडरला 'नाटक' म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेलच. मजकूर साधारण असा, की ई-टेंडर, जेम (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल), जिओटॅग (जागेची नोंद असलेले कामाचे फोटो) हे सगळं नाटक आहे, खाणारे तेच आहेत फक्त कागद जाऊन कॉम्प्युटर आला, मध्य प्रदेशचा ई-टेंडर घोटाळा हाच त्याचा पुरावा, लहान दुकानदार यात मेला, त्यापेक्षा जुनी निविदा पेटी बरी होती, निदान डोळ्यांसमोर तरी उघडायची. मला तो रामबागच्या आमच्या काकांनी पाठवला. काकांचा मान आहेच, पण 'जुनी पेटी बरी' हे वाचून राहवलं नाही.

पेटीपासूनच सुरू करते, कारण ती आमच्या घरानं भोगलीय. आमचं लॅबच्या सामानाचं छोटं दुकान आहे, बीकर, बर्नर, मायक्रोस्कोप वगैरे. २००६ साली सासऱ्यांनी एका सरकारी ऑफिसचं टेंडर भरायचं ठरवलं. फॉर्मसाठी तीन चकरा झाल्या, दर वेळी बाबू म्हणायचा फॉर्म संपले. चौथ्यांदा मिळाला, रजिस्टरमधे नाव-पत्ता लिहून घेतला, आणि त्याच संध्याकाळी दुकानात दोन माणसं हजर, कशाला त्रास घेता दादा, पुढच्या वेळी तुमचं बघू. म्हणजे फॉर्म कोणी घेतला हे सगळ्यांना माहीत, ठेकेदारांचं आपसातलं संगनमत आधीच झालेलं. तरी सासरे शेवटच्या दिवशी गेले तर गेटवर तीच माणसं उभी. परत आले तेव्हा हातात लिफाफा तसाच होता, लाखेची पाचही सीलं शाबूत. सासूबाईंनी तो देवघराच्या खालच्या खणात ठेवला, अजून तिथेच आहे. डोळ्यांसमोर पेटी उघडायची हे खरंय, पण पेटीत पडायचंच काय ते आधी गेटवर ठरायचं ना.

आज मी स्वतः रात्री स्वयंपाक आवरल्यावर डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन लावून बिड भरते, आणि बिड उघडेपर्यंत कोणी कोणी भरलंय हे कळायला मार्ग नसतो. एका बाईला त्या गेटमधून आत जाणं किती जमलं असतं ते तुम्हीच सांगा.

आता 'काही फरक पडला नाही' हा मुद्दा. यावर भारत आणि इंडोनेशियातल्या रस्त्यांच्या कामांचा अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास आहे, २०१६ मधे छापून आला. ई-टेंडरमुळे सरकारला काम स्वस्त पडलं असं त्यात दिसलं नाही, हे आधीच कबूल करते. पण बाहेरच्या भागातले ठेकेदार जास्त जिंकायला लागले, आपल्याकडे रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि इंडोनेशियात उशीर कमी झाला. म्हणजे गेटवरची माणसं हटली आणि बरा ठेकेदार आत आला. आणि बिहारमधे २०१२-१३ ला मनरेगाचा पैसा खर्चाची नोंद ऑनलाइन झाल्यावरच सोडायची पद्धत करून बघितली, खर्च २४ टक्क्यांनी घटला आणि लोकांना मिळणारं काम घटल्याचं काही दिसलं नाही. तो पैसा आधी कुठे जात होता, मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

मग ई-टेंडर घोटाळा. हा मुद्दा सगळ्यात जोरात मांडलाय आणि माझ्या मते तोच सगळ्यात उलटा आहे. २०१८ मधे राज्याच्या जल निगमच्या, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कामांच्या, टेंडरांत बिड उघडायच्या आधी आकडे बदलल्याचं समोर आलं, २०१९ च्या एप्रिलमधे ईओडब्ल्यूनं, म्हणजे आर्थिक गुन्हे शाखेनं, ९ टेंडरांबद्दल एफआयआर केली. प्रकार भयंकर होता, त्यात शंका नाही. पण कळलं कसं? सिस्टिममधे खुणा राहिल्या होत्या म्हणून, हार्ड डिस्क सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे गेल्या आणि छेडछाड झाल्याचं तिथून कळवलं गेलं. पेटीतला लिफाफा रात्री वाफेवर उघडून आकडा बदलला असता तर २०१९ मधे कोणी काय तपासलं असतं?

याच्या शेजारी आपल्याच शहराचं उदाहरण ठेवा. २०२४ च्या एप्रिलमधे नगर निगमातली फर्जी बिलं बाहेर आली, ड्रेनेज लाइन टाकलीच नाही आणि बिलं मात्र तयार, पहिला आकडाच २८ कोटींच्या आसपास, पुढे चौकशीत वाढत गेला. ते सगळं कागदी फायलींवर चाललं होतं, आणि मूळ फायली एका इंजिनियरच्या गाडीतून चोरीला गेल्याची तक्रार झाली होती. फाईल होती म्हणून गाडीतून गेली. टेंडर ऑनलाइन आणि पुढचं एमबी (मोजमापाची वही), बिल, सही सगळं कागदावर, तर चोर त्या कागदाच्याच जागी बसणार. यातून मला तर हेच कळतं की मोजमाप आणि बिलही ऑनलाइन व्हायला हवं, पेटी परत आणायला नको.

लहान दुकानदाराचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. जेमवर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाले, व्हायला मोठे व्यापारी भाव पाडतात, आणि काही खरेदीदार एटीसीमधे, म्हणजे स्वतःच्या जादा अटींच्या यादीत, अशा अटी घुसवतात की वाचताक्षणी कळतं कोणासाठी लिहिलंय. पण जेमच्या बिड डॉक्युमेंटच्या शेवटी बघा, विशिष्ट ब्रँड मागणं, ठराविक खात्याचाच अनुभव मागणं, टेंडर फी मागणं, असल्या अटी रद्द समजाव्या असं छापलेलं असतं. मी दोनदा त्यावर बोट ठेवून पोर्टलवर रिप्रेझेंटेशन, म्हणजे लेखी हरकत, टाकलं, एकदा अट काढली, एकदा नाही. पेटीच्या जमान्यात बोट ठेवायला कागदच हातात नसायचा.

जिओटॅग आणि फोटोंबद्दल मात्र मेसेजशी भांडणार नाही. मनरेगाच्या हजेरीच्या ॲपवर फोटोचाच फोटो काढून टाकायचे, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवायचे, हे ग्रामीण विकास मंत्रालयानंच २०२५ च्या जुलैमधे राज्यांना लिहिलंय. फोटो कोणी बघतच नसेल तर तो घेऊन उपयोग काय. पण याचं उत्तर बघणारी माणसं नेमणं हे आहे, आणि आपणही बघू शकतो.

काका, रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन येते. एमपी टेंडर्सच्या साइटवर लॉगिन न करता टेंडर स्टेटस उघडतं, कोणी भरलं, कोण बाद झालं, कोणाचा किती भाव होता. तुमच्या गल्लीत पावसाळ्याआधी खोदून ठेवलंय त्या कामाचं टेंडर शोधू, आणि त्यात किती मीटर पाइप लिहिलाय ते बघून टेप घेऊन खाली उतरू.