बाकूतली ती पहाट आणि मुख्तार बाबायेव

अझरबैजानचे पर्यावरणमंत्री राहिलेले मुख्तार बाबायेव यांचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: हा तर तेल कंपनीतला माणूस! खरं आहे. 1994 पासून 'सोकार' या सरकारी तेल कंपनीत, 2018 मध्ये पर्यावरणमंत्री आणि नोव्हेंबर 2024 मध्ये राजधानी बाकूत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचे अध्यक्ष.

मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. बाकूशेजारी बीबी-हैबतला 1846 मध्येच तेलविहीर खोदली गेली. आजही देशाच्या निर्यातीतला सुमारे 90 टक्के पैसा तेल आणि वायूतून येतो. तिथला शिकलेला माणूस तेलाच्या धंद्यात जाणार नाही तर कुठे जाणार? आणि सोकारमध्ये काही वर्षं बाबायेव यांच्याकडे पर्यावरणाचंच काम होतं. बाकूच्या आसपास पिढ्यान् पिढ्यांच्या उपशामुळे जमिनीत तेल मुरलंय, ते निस्तरणं सोपं नाही.

त्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली तीही स्वतःच्या बळावर नव्हे. इल्हाम अलियेव 2003 पासून राष्ट्राध्यक्ष आहेत, वडिलांनंतर तेच आणि उपाध्यक्षपदी पत्नी मेहरिबान. अशा राज्यात मंत्र्याने किती पुढे यायचं हे वरूनच ठरतं. परिषदेच्या सुरुवातीलाच अलियेव यांनी तेल-वायूला देवाची देणगी म्हटलं. त्यानंतर दोनशेच्या आसपास देशांना एका कागदावर आणायचं काम बाबायेव यांच्या गळ्यात होतं. त्याबद्दल मला त्यांची कणवच वाटते.

पण रविवारी, 24 नोव्हेंबरच्या पहाटे जे झालं त्याची जबाबदारी त्यांचीच. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांना मदत म्हणून श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे, असा मसुदा होता. विकसनशील देशांची मागणी होती 1.3 लाख कोटी डॉलरची, म्हणजे 1,300 अब्जांची. भारताने आधीच कळवलं होतं की निर्णयाआधी आम्हाला बोलायचंय. बाबायेव यांनी हातोडा आपटला, ठराव मंजूर, टाळ्या. मग भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना बोलू दिलं. त्यांनी सरळ सांगितलं की हे सगळं आधीच ठरवून केलंय, रक्कम तुटपुंजी आहे आणि हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे. सभागृहात पुन्हा टाळ्या पडल्या, पण ठराव होऊन गेला होता.

एकमताने चालणाऱ्या सभेत अध्यक्षाच्या हातात खरी ताकद एवढीच असते: कुणाला कधी बोलू द्यायचं. हात वर असताना हातोडा पडला, तर ते एकमत कसलं? परिषद मोडली असती, हाती काहीच लागलं नसतं, हा बचाव मला माहीत आहे. शनिवारी छोटी बेटं आणि सर्वांत गरीब देश बैठकीतून उठून गेले होते, धोका खराच होता. तरीही दोन मिनिटं थांबून आक्षेप ऐकला असता तर निदान श्रीमंत देशांना तोंडावर उत्तर द्यावं लागलं असतं. आमच्या मराठवाड्यात पाऊस आधीच बेभरवशाचा झालाय, या पैशाचा हिशोब आम्हालाही लागू आहे.

बाबायेव आता मंत्रिपदावर नाहीत, 300 अब्जांचा आकडा मात्र 2035 पर्यंत आपल्या डोक्यावर आहे. तेल कंपनीतली नोकरी मी त्यांना केव्हाच माफ केली, तो हातोडा नाही.