कोयता की कत्ती, एवढ्यावरून खटला पडत नाही

आठ-दहा दिवसांपासून गावोगावच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘साक्षीदार म्हणून समन्स आलंय? घाबरू नका’ आणि खाली ‘जनहितार्थ’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घटनास्थळी सापडलेल्या हत्याराबद्दल दोघा साक्षीदारांचं सांगणं जुळलं नाही की खटला खोटा ठरतो. पंच फितूर झाला की जप्ती रद्द. हत्यारावर मयताच्या गटाचं रक्त निघालं नाही तर शिक्षा होतच नाही. नव्या कायद्यात पंच लागत नाहीत. आणि म्हणून शहाण्या माणसाने कोर्टात ‘मला काही दाखवलं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली’ एवढं बोलून मोकळं व्हावं. केज तालुक्यातल्या आमच्या मामांना खुनाच्या खटल्यात पंच म्हणून समन्स आलंय. त्यांनी हा मेसेज पुढे पाठवून विचारलं, ‘मग असंच सांगू का?’ म्हणून हा खटाटोप.

आधी तफावतीचं बघू. ऊसतोडीच्या पट्ट्यात एक जण ज्याला कोयता म्हणतो त्याला दुसरा कत्ती म्हणतो, आणि शेतीशी संबंध नसलेला नोकरदार विळा म्हणून मोकळा होतो. त्यात जबाब साक्षीदार स्वतः लिहीत नाही, पोलीस लिहितात. साक्षीदार ‘कत्ती’ म्हणाला तरी कागदावर ‘कोयता’ उतरतो, कारण लिहिणाऱ्याच्या गावाकडे तोच शब्द चालतो. कोर्टापुढे प्रश्न शब्दाचा नसतो. वस्तू एकच होती की दोन, हा असतो. त्याचं उत्तर पंचनाम्यातल्या वर्णनात मिळतं: एकूण लांबी, पात्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, मूठ लाकडी की लोखंडी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा तार गुंडाळलेली आहे का, धारेला खाचा आहेत का, वेल्डिंगचा जोड आहे का. हे नीट लिहिलेलं असेल तर तिघांनी तीन नावं घेतली तरी वस्तू एकच आहे हे कळतं. ‘एक लोखंडी धारदार हत्यार’ एवढंच लिहून ठेवलं असेल तर मात्र बचाव पक्षाला आयतं मैदान मिळतं.

जागेचंही तसंच. एक म्हणतो हत्यार प्रेताच्या उशाशी होतं, दुसरा म्हणतो बांधाजवळ. दोघांनी एकाच वेळी पाहिलं होतं का? आरडाओरडा ऐकून पहिल्यांदा धावलेला माणूस आणि दोन तासांनी पोलिसांसोबत आलेला पंच यांच्यामध्ये त्या फडात वीस माणसं फिरलेली असतात. कुणाच्या पायाने वस्तू सरकते, कुणी लेकरांच्या हाती लागू नये म्हणून उचलून बाजूला ठेवतो. जखमी माणसाला दवाखान्यात हलवलेलं असेल तर पंचनाम्यावेळी तिथे प्रेतच नसतं, असतो नुसता रक्ताचा डाग. म्हणून टेप लावायची ती न हलणाऱ्या खुणेपासून. विजेचा खांब, बोअर, बाभळीचं झाड. ‘प्रेतापासून अंदाजे 5 फूट’ असं दिशा न देता लिहिलं आणि कच्च्या नकाशात हत्यार दाखवायचं राहून गेलं, की पुढची सगळी भांडणं तिथून सुरू होतात. तो दोष लिहिणाऱ्याचा. त्याने साक्षीदार खोटा ठरत नाही.

हे माझं मत नाही. गुजरातमधल्या भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली हे जवळपास यादी करून सांगितलंय. साक्षीदाराची स्मरणशक्ती फोटोसारखी नसते, डोक्यात व्हिडिओ टेप पुन्हा चालू होत नाही. निरीक्षणाची ताकद माणसागणिक वेगळी. नेमकी वेळ लोक अंदाजानेच सांगतात. कोर्टाच्या वातावरणाने आणि टोकदार उलटतपासाने माणूस गोंधळतो. म्हणून प्रकरणाच्या मुळाला हात न घालणाऱ्या तफावतींना अवास्तव महत्त्व द्यायचं नाही. चाळीस वर्षं झाली, खालच्या कोर्टात रोज कुणीतरी हा निकाल पुढे ठेवतं.

मुळाला हात घालणारी तफावत कशी असते, तेही सांगतो. साक्षीदार म्हणतो डोक्यात कुऱ्हाड घातली, आणि शवविच्छेदनात जखम फक्त पोटात भोसकल्याची. ही खरी अडचण. पण इथेही घाई नको. टाळूखाली लगेच हाड असतं, त्यामुळे काठीच्या किंवा कुऱ्हाडीच्या तुंब्याच्या, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूच्या, फटक्यानेही कातडी सरळ रेषेत फाटते आणि जखम धारेने कापल्यासारखी दिसते. भिंग धरून पाहिलं की कडा चेचलेल्या, केसांची मुळं चिरडलेली आणि जखमेच्या तळाशी आडवे तंतू शाबूत दिसतात. धारेच्या जखमेत ते तुटलेले असतात. उलट, साक्षीदार नुसता ‘कुऱ्हाडीने मारलं’ म्हणाला तर कोर्ट धारेचा वार असंच समजतं. तुंब्याने किंवा उलट्या बाजूने मारलं असेल तर तसं जबाबातच यायला हवं आणि सरकारी वकिलाने सरतपासात, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली साक्ष घेतानाच, ते विचारायला हवं. ऐन युक्तिवादात ‘उलट्या बाजूने असेल’ म्हणून चालत नाही.

शिवाय पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत फरक दिसला की झालं, असंही नसतं. त्या जबाबावर साक्षीदाराची सहीच नसते. बचावाच्या वकिलाला नेमका तो मजकूर साक्षीदाराला दाखवून विचारावं लागतं, मग तपासी अंमलदाराकडून ‘हो, साक्षीदाराने असंच सांगितलं होतं’ हे वदवून घ्यावं लागतं. तेव्हा कुठे ती तफावत शाबीत होते.

आता त्या मेसेजमधला सगळ्यात घाणेरडा सल्ला. ‘मला काही दाखवलं नाही म्हणा, तुम्हाला काही होत नाही.’

होतं काय ते बघा. पंचाने असं म्हटलं की सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 157. मग पंचनाम्याच्या प्रत्येक पानावरची सही दाखवली जाते. हत्याराच्या पाकिटावरच्या लेबलवरची सही दाखवली जाते, जिच्याशेजारी गुन्हा नंबर, तारीख, वेळ असते. ‘ही सही तुमची?’ ‘हो.’ ‘तुम्ही किती शिकलेले?’ ‘बारावी.’ ‘न वाचता सही करता?’ भर कोर्टात माणूस घामाघूम होतो. फितूर म्हटल्याने साक्ष पुसलीही जात नाही, तिच्यातला विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्ट वापरू शकतं. आणि शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अशा कारवाया फार होत नाहीत हे खरं, पण ‘काही होत नाही’ हे साफ खोटं. खरोखरच कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर तेच सांगावं, बेधडक सांगावं. घेतली नसताना सांगू नये, एवढंच.

त्याच मेसेजमधला दुसरा शहाणपणा: ‘हत्यार दाखवून “हेच का?” विचारलं तर “हे नाही” म्हणा.’ तीन-चार वर्षं मालखान्यात पडलेलं लोखंड तसंच राहत नाही. गंज चढतो, रक्ताचे डाग काळे पडून गंजात मिसळतात, लेबलची शाई फिकट होते. साक्षीदार एक तर बुजतो, नाही तर ‘शंभर टक्के हेच’ म्हणून नको तेवढं पुढे जातो. डोळ्याला दिसतं तेवढंच सांगावं: ‘असंच होतं, मूठ अशीच होती, लेबलवर माझी सही आहे.’ मग वकील विचारतो, ‘असे कोयते बाजारात कुठेही मिळतात हे खरं का?’ खरंच आहे, ‘हो’ म्हणावं, त्याने काही कोसळत नाही. मापं आठवत नसतील तर ‘पंचनामा बघून सांगतो’ म्हणता येतं. कोर्टाच्या परवानगीने कागद बघून आठवण ताजी करायला साक्ष्य अधिनियमाचं कलम 162 मुभा देतं. पाठ करून जाणाऱ्याची तर हमखास फजिती होते, कारण घोकलेली साक्ष वकिलाला पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येते.

रक्ताबद्दल थोडक्यात. हत्यार ओलं असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की आत दमट होतं, बुरशी येते, गंज वाढतो, आणि संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रयोगशाळेतून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, येतो ‘गट निश्चित करता आला नाही’. याचा अर्थ ‘रक्त नव्हतं’ असा होत नाही. सुकवून कागदात बांधायला हवं होतं, एवढाच होतो. हत्यार सापडलंच नाही तरी, पाहणारा साक्षीदार भरवशाचा असेल तर शिक्षा होऊ शकते. पंच फितूर झाला तरी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर कोर्ट ती स्वीकारू शकतं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. सीलबद्दलची तफावत जीवघेणी ठरू शकते. एक पंच म्हणतो जागेवरच लाखेचं सील केलं, दुसरा म्हणतो हत्यार उघडंच जीपमध्ये ठेवलं. मुद्देमालाच्या नोंदवहीत नोंद दोन दिवसांनंतरची. प्रयोगशाळेत पोचलं महिन्याने, आणि मधल्या काळात ते कुठे होतं हे कुणीच सांगत नाही. अशा वेळी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने कोयता-कत्तीवर वेळ घालवला नसता.

राहिला ‘नव्या कायद्यात पंच लागत नाहीत’. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 मध्ये झडतीसाठी दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे हे जसंच्या तसं आहे. भर पडली ती कलम 105 ची. जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करणं आणि त्या यादीवर साक्षीदारांनी सह्या करणं, हे मोबाईलवर का होईना, चित्रित करायचं आणि ते चित्रीकरण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. मामांचा पंचनामा 2024 च्या दिवाळीनंतरचा आहे. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.