सिनेमातल्या सिगारेटचा परिणाम होतो, आणि तो मोजलेला आहे

पुण्यातल्या सिनेमावाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज परत परत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पडद्यावर बघून कुणी सिगारेट ओढायला लागत नाही, खुनाचे सीन बघून आपण खून करतो का, सरकारने बंदी घालून आणि खाली इशाऱ्याची पट्टी लावून कलेची वाट लावली, आणि तसंही आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम तंबाखू-गुटख्याचा आहे. सिनेमा माझाही जीव की प्राण आहे, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हचं स्क्रीनिंग असलं की मी शक्यतो चुकवत नाही, आणि तरी यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

खुनाचं आधी घेऊ, कारण त्यावरच सगळे माना डोलावतात. खून करायला जे लागतं ते शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांकडे नसतं, सिगारेट मात्र कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर मिळते, आणि 2020 मध्ये राज्याने सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली तरी सुटी मिळतेच. दुसरं म्हणजे सिनेमात खुनाला शिक्षा असते, निदान पश्चात्ताप तरी असतो. सिगारेटला काय असतं? पाऊस, काडीच्या उजेडात हिरोचा चेहरा, धूर सोडताना स्लो मोशन. खोकला नाही, कपड्यांना वास नाही, पिवळे दात नाहीत. पंधरा वर्षांचा मुलगा त्यातून काय उचलेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरी तज्ज्ञांनी ते मोजलंय. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमधल्या 10 ते 14 वयाच्या, तोपर्यंत सिगारेटला हातही न लावलेल्या 2,600 च्या आसपास मुलांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यातल्या साधारण 52 टक्के सुरुवातीचा संबंध सिनेमात सिगारेट बघण्याशी लागला, आणि हे मित्र, आईवडील, स्वभाव सगळं हिशेबात धरून. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्यांचे आईवडील ओढत नव्हते त्या मुलांवर परिणाम जास्त दिसला. ‘तिकडचं इकडे कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी, दिल्लीतल्या 12 शाळांमधल्या जवळपास 4 हजार मुलांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, हिंदी सिनेमे धरून, आणि पडद्यावर तंबाखू जास्त बघणाऱ्या मुलांमध्ये तंबाखू वापरून बघण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारचा मोठा आरोग्य अधिकारी असलेल्या सर्जन जनरलच्या अहवालात तर सरळ कार्यकारण संबंध आहे असंच म्हटलंय.

आणि परिणाम होतच नसता तर सिगारेट कंपन्यांनी पैसे कशाला मोजले असते? 1983 चं हॉलिवूडचा हिरो सिल्व्हेस्टर स्टॅलोनचं पत्र पुढे उघड झालं, निदान पाच सिनेमांत एका कंपनीचा माल वापरायचा, बदल्यात 5 लाख डॉलर. ‘सुपरमॅन 2’ मध्ये दिसणारा ब्रँडही पैसे देऊनच आलेला होता. 1998 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी झालेल्या समझोत्यात तिकडच्या मोठ्या सिगारेट कंपन्यांना असे पैसे द्यायला मनाई झाली. म्हणजे ज्याला आपण कलाकाराचं स्वातंत्र्य म्हणतोय त्यातला काही भाग चक्क विकत घेतलेला होता, आणि त्या काळात घडलेली स्टाइल आजही आपले दिग्दर्शक फुकटात पुढे चालवतायत, याचा मला मनापासून राग येतो.

बंदीचं म्हणाल तर मेसेज सरळ चुकीचा आहे. 2005 मध्ये पडद्यावरच्या धूम्रपानावर पूर्ण बंदीचा नियम आणला होता, महेश भट कोर्टात गेले आणि जानेवारी 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. 2012 पासून आहे ती सूचना, पट्टी आणि सुरुवातीला-मध्ये लागणारी जाहिरात, ओटीटीला ती 1 सप्टेंबर 2023 पासून लागू झाली. पट्टीने सीन बिघडतो हे मान्य, अमेरिकन दिग्दर्शक वुडी अॅलनने त्यावरूनच 2013 मध्ये आपला सिनेमा भारतात लावला नाही. पण सिगारेट काढा, पट्टी आपोआप जाते. अॅक्टरला हाताचं काय करायचं सुचेना की हातात सिगारेट द्यायची, हा आळस आहे, आणि ज्या सीनला ती खरंच लागते तो सीन पट्टीसकटही उभा राहतो.

आता गुटखा. आकडा खरा आहे, 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे 24.4. पण नियम सगळ्याच तंबाखूला लागू आहे, थिएटरातल्या जाहिरातीत पूर्वी दिसायचा तो 24 वर्षांचा मुकेश गुटख्यानेच गेला. आणि 3.8 चा अर्थ उलटा लागतो, आपल्या बहुतेक घरांत कुणी ओढतच नाही, मग एफसी रोडला फर्स्ट इयरची पोरं सिगारेट धरायची ती ऐट कुठून आणतात? बाबांकडून तर नाही.

जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय, ज्या सिनेमात तंबाखू आहे त्याला प्रौढांचं सर्टिफिकेट द्या. मला तेच हवंय. मोठ्यांसाठी सिनेमा बनवा, त्यात हवं ते दाखवा, पण शाळकरी पोरांना तिकीट विकायचं असेल तर हिरोच्या तोंडात सिगारेट नको.