मसाल्याच्या व्हिडिओला गाणं कुठून आणायचं?

गेल्या वर्षीचा एप्रिल. लालबागला एका काकूंचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. त्यांच्यासाठी मी एक मिनिटाचा व्हिडिओ केला. उन्हात पसरलेल्या ब्याडगी मिरच्या, कढईत परतला जाणारा खडा मसाला, मग डंखावर, म्हणजे दांड्यांनी मसाला कुटणाऱ्या यंत्रावर, कुटणं. काकूंना त्यावर एक जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं मराठी सिनेगीत हवं होतं. मी म्हटलं, काकू, हक्कांचा प्रश्न येईल. त्या म्हणाल्या, "अगं, गाणंच तर आहे. सगळेच लावतात." आणि मी लावलं.

व्हिडिओ छान चालला. पैसे घालून बूस्टही केला, म्हणजे जाहिरातीसारखा जास्त लोकांपर्यंत पोचवला. दीड महिन्याने गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीच्या वतीने मेल आला: व्हिडिओ काढून टाका आणि केलेल्या वापराचे पैसे भरा. मागितलेली रक्कम माझ्या पूर्ण बिलापेक्षा मोठी होती. घासाघीस करून ती खाली आली, अर्धी मी भरली, अर्धी काकूंनी. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या मसाला विकतात. नियम माहीत असणं हे माझं काम होतं.

त्यानंतरचं वर्षभर मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे: छोट्या धंद्याला परवडेल असं, रीतसर परवानगीचं संगीत कुठून मिळतं. बरंच कळलंय. आपल्यासारखे शेकडो जण दादर, गिरगाव, ठाण्यात असेच व्हिडिओ करतात म्हणून इथे मांडते.

आधी मुळाशी जाऊ. एका गाण्यात किमान दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे चाल आणि शब्द, दुसरी म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण. व्हिडिओवर गाणं लावायचं तर दोन्हींची परवानगी लागते. धंद्यात त्याला सिंक लायसन्स म्हणतात. म्हणूनच "आपण आपल्या भाचीकडून गाऊन घेऊ, मग काय प्रश्न?" हा उपाय अर्धाच आहे. ध्वनिमुद्रण तुमचं झालं, पण चाल आणि शब्द दुसऱ्याचेच राहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चाल आणि शब्दांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे. पण विसाव्या शतकात कुणी त्याला लावलेली चाल आणि कंपनीने काढलेली रेकॉर्ड बहुधा सगळ्यांची नसते. हा फरक मी भल्याभल्यांना समजावून दमले आहे.

"३० सेकंदांपेक्षा कमी लावलं तर चालतं" असा कुठलाही नियम नाही. खाली गायकाचं नाव लिहून क्रेडिट दिलं म्हणून परवानगी मिळत नाही. "लग्नात वाजवलेलं चालतं ना?" असंही विचारतात. लग्नाच्या वरातीत, समारंभात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, पण ती त्या प्रसंगी वाजवण्यापुरती आहे. तुमच्या मंगल कार्यालयाच्या जाहिरातीला ती लागू होत नाही. आणि कलम ६३ वाचा. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. न्यायालय यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं, पण धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तरच. म्हणजे ही सवलत नेमकी आपल्यासाठी नाही.

मला त्या कंपनीचा राग आलेला नाही, हे स्पष्ट सांगते. पिढ्यानपिढ्या गीतकार आणि संगीतकारांनी एकरकमी मानधनावर सगळे हक्क लिहून दिले आणि गाणं आयुष्यभर दुसऱ्यांना कमावून देत राहिलं. २०१२ मध्ये कायदा बदलला, त्यामागे राज्यसभेत जावेद अख्तर यांनी लावलेला जोर होता. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही. ज्या शहरात ही गाणी जन्माला आली, जिथे ताडदेव आणि वांद्र्याच्या स्टुडिओंत वादकांनी रात्री घालवल्या, त्याच शहरात आपण गाणं फुकट उचलायची वस्तू समजावी हे मला मनापासून लागतं.

आता इन्स्टाग्राम. अकाउंट बिझनेस केलं की ओळखीची बरीचशी गाणी गायब होतात. मग कुणीतरी सल्ला देतं, "क्रिएटर अकाउंट कर, गाणी परत येतील." येतात खरी. पण इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या संगीताच्या अटींत लिहिलंय की व्यावसायिक वापराला वेगळं लायसन्स हवं, अकाउंटचा प्रकार काहीही असो. व्यवसायांसाठी त्यांचं साउंड कलेक्शन आहे, पैसे लागत नाहीत, पण ते फेसबुक-इन्स्टाग्रामपुरतं. तोच ट्रॅक तसाच यूट्यूबवर न्यायचा नाही. यूट्यूबसाठी यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे. तिथे काही ट्रॅकना श्रेय देणं बंधनकारक असतं, ते नाव डिस्क्रिप्शनमध्ये टाकायला विसरू नका.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने ठराविक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेल्या, ट्रॅकबाबत लोक सर्रास फसतात. 'फुकट' दिसलं की डाउनलोड. पण लायसन्सच्या नावात एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर धंद्यासाठी वापरता येत नाही. एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असेल तर बदल करायला मनाई, आणि चित्रावर संगीत जुळवणं हाच त्यांच्या लेखी बदल आहे, म्हणजे व्हिडिओला ते चालतच नाही. एसए (शेअरअलाइक) असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच अटींवर इतरांना खुला करावा लागतो. उरतं नुसतं बाय (BY): श्रेय द्या आणि वापरा. त्यात चांगलं काम सापडतं, शोधायला वेळ लागतो.

पैसे देऊन घ्यायचं तर स्टॉकहोमची एपिडेमिक साउंड किंवा आर्टलिस्टसारख्या वर्गणीच्या लायब्ररी आहेत. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे मोफत नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापरामागे वेगळी रॉयल्टी नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्लॅन घेताना मी आता तीन प्रश्न विचारते. ग्राहकांसाठी केलेलं काम यात बसतं का? बूस्ट केलेली जाहिरात बसते का? वर्गणी बंद केल्यावर आधीचे व्हिडिओ सुरक्षित राहतात का? सगळ्यात स्वस्त प्लॅन बहुतेकदा स्वतःच्या चॅनलसाठी असतो आणि आपण तो पाच ग्राहकांसाठी वापरत असतो. आणि लायसन्सची पीडीएफ ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ठेवाच. रीतसर घेतलेल्या ट्रॅकवरही यूट्यूबची कंटेंट आयडी ही संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा कधी कधी हक्काचा क्लेम लावते, तेव्हा तोच कागद कामाला येतो. एआयने बनवलेल्या संगीताबद्दलही विचारणा होते. सुनो या एआय गाणी बनवणाऱ्या सेवेच्या मोफत प्लॅनमध्ये व्यावसायिक वापराला परवानगी नाही, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२४ मध्ये अशा सेवांवर खटले भरले होते. ग्राहकाच्या कामाला मी ते लावत नाही.

पण या सगळ्या लायब्ररींत माझी खरी अडचण वेगळीच निघाली. 'इंडियन' असं शोधलं की सतार, तबला आणि लग्नातला बॉलिवूडी ढोल. काकूंच्या मसाल्याला सतार कशी लावू? हलगी नाही, संबळ नाही, भजनी ठेक्यातला पखवाज नाही. परदेशातल्या माणसाने आपला देश जसा कल्पिला तसं ते संगीत आहे.

यंदा मार्चमध्ये काकूंनी पुन्हा काम दिलं. (हो, मलाच दिलं.) या वेळी मी कॅमेऱ्याआधी रेकॉर्डर काढला. डंखाचे दांडे एकामागून एक पडतात त्याचा पक्का ठेका असतो, शेजारी दोन डंख चालू असले की तो ठेका आपोआप गुंफला जातो. चाळणीचा घासल्यासारखा आवाज, सुक्या मिरच्यांचा खुळखुळाट, बरणीचं झाकण. हे सगळं वीस मिनिटं रेकॉर्ड केलं. मग नायगावचा एक हलगीवाला गाठला. मिरवणुकांच्या दिवसांत त्याला फुरसत नसते, इतर वेळी कामाची वाट बघतो. परळला एक छोटा स्टुडिओ दोन तासांसाठी घेतला, त्याच्या कानाला डंखाचा ठेका लावला आणि म्हटलं, दादा, यावर वाजवा. दुसऱ्या टेकला माझ्या अंगावर काटा आला.

सगळा खर्च, स्टुडिओ, दादांचं मानधन आणि मिक्सिंग धरून, गेल्या वर्षी भरलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी झाला. ग्राहकाला त्याचं स्वतःचं संगीत मिळालं, जे दुसऱ्या कुठल्याही मसाल्याच्या व्हिडिओवर ऐकू येणार नाही.

तुम्ही म्हणाल, दर आठवड्याला तीन रील टाकायच्या तर हे कसं जमणार? नाही जमणार. रोजच्या रीलला लायब्ररीच बरी. पण वर्षातून एकदा दोन तास स्टुडिओ घेऊन पाच-सहा छोटे तुकडे वाजवून घ्या, एक मुख्य धून, तिचे लहान-मोठे भाग. वर्षभर तेच फिरवून वापरता येतात आणि लोक ऐकताच तुमचं दुकान ओळखतात. या मुंबईत भजनी मंडळं आहेत, बेंजो पार्ट्या आहेत, डोंबिवली-बदलापूरला बेडरूममध्ये उत्तम ट्रॅक करणारी पोरं आहेत. त्यांना काम हवंय.

मात्र कागद करा. तोंडी व्यवहार दोन्ही बाजूंना धोक्याचा. हक्कांचा करार लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो; प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईच्या मराठी मंडळाला मसाला पाठवणाऱ्या काकूंसाठी ही ओळ महत्त्वाची होती. आम्ही लिहिलं: कुठला ट्रॅक, कुठल्या कामासाठी, किती वर्षं, कुठे कुठे, किती पैसे, आणि दर व्हिडिओखाली वादकाचं नाव. शेवटची अट दादांनीच घातली.

आणखी एक सवय मी मोडली. पूर्वी कच्चा कट दाखवताना खाली एखादं प्रसिद्ध गाणं ठेवायचे, नुसता अंदाज यावा म्हणून. ग्राहक त्या गाण्याच्या प्रेमात पडायचा आणि मग दुसरं काहीच पसंत पडायचं नाही. आता पहिला कटही परवानगीच्याच संगीतावर जातो, आणि माझ्या कोटेशनमध्ये संगीताचा खर्च शूटिंगच्या वर, पहिल्या ओळीत असतो. तिथे काट मारायची असेल तर मी ते काम घेत नाही. दोन कामं यामुळे गेली.

तो करार साध्या मराठीत एका पानाचा आहे, ओळखीतल्या एका वकील ताईंनी तपासून दिलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. हलगीवाल्या दादांचा नंबर त्यांना विचारूनच देईन.