घोडा डबा विसरला

रात्रीचे पावणेदहा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगमधली शहाणी माणसं दिवे घालवून आडवी झालेली आणि आमच्या खोलीत ट्यूबलाइट लख्ख. मी पलंगावर मांडी घालून, माझ्या मांडीवर साडेतीन वर्षांची नात, नातीच्या मांडीवर पुस्तक आणि पुस्तकात घोडा. घोडा पळतोय. म्हणजे मी पळवतोय.

हे पुस्तक मुलानं कामासाठी गेला होता तेव्हा पुण्याहून आणलं. "बाबा, यातले प्राणी हलतात." मला वाटलं, बॅटरीचं असेल. पालथं घालून सेल घालायचं झाकण शोधलं, नव्हतं. पान उघडलं तर चौकटीतला काळा घोडा चौखूर उधळला. मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी मीच हे अकरा वेळा केलं. शेवटी "अहो, पुस्तक कुणासाठी आणलंय?" असं हिला म्हणावं लागलं. त्या अकरा वेळांची फेड मी गेले दोन महिने करतोय.

नातीला झोपवायचं खातं माझ्याकडे आहे. मुलगा-सून दमून येतात, हिचे गुडघे दुखतात, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काही दुखत नाही असा आमच्या घरात समज आहे. पूर्वी मी कावळा-चिमणीवर भागवायचो. "थांब माझ्या बाळाला तीट लावते" पर्यंत पोचलो की नात झोपलेली असायची. कधीकधी मीही.

आता झोपायचं काय घेऊन बसलात! हे पुस्तक अंधुक उजेडात चालतच नाही. त्यामागची करामत अशी. घोड्याच्या धावण्याच्या सहा अवस्था घेतात, प्रत्येकीचे उभे बारीक काप करतात आणि पत्ते पिसल्यासारखे एकात एक बसवून छापतात. त्यावर काळ्या रेघांचं पारदर्शक प्लास्टिक. रेघा आमच्या गॅलरीच्या गजांसारख्या, फक्त केसाएवढ्या फटी सोडून. एका वेळी त्या फटींतून एकाच घोड्याचे तुकडे दिसतात, बाकी पाच घोडे गजांआड. पान उघडताना आतला कागद जरासा सरकतो आणि एक घोडा लपून दुसरा पुढे येतो. डोळा बिचारा सहांचा एक करून घेतो. हिशेब सरळ आहे, चित्राचे सहातले पाच भाग कायम झाकलेले. म्हणजे उजेडही सहावा हिस्सा. झिरोच्या बल्बमध्ये घोडा म्हणजे नुसता डाग. झोपताना वाचायचं पुस्तक, आणि त्याला ट्यूबलाइट लागते! ज्या कुणी हे मुलांसाठी केलं त्यानं मूल झोपवलेलं नाही.

बरं, पान कसंही उघडून चालत नाही. फाडकन उघडलं तर घोडा दिसायच्या आत पसार. हळू उघडलं तर लंगडतो. मनगटाला एक विशिष्ट लय लागते, आणि ती लय रात्री साठ-सत्तर वेळा साधावी लागते. महिन्याभरात मनगट धरलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं.

"काय ओढता का जड?"

"घोडा," मी म्हणालो.

त्यांनी आधी माझं बीपी घेतलं.

पुस्तक मुकं आहे, त्यामुळे आवाज मलाच काढावा लागतो. सुरुवातीला 'टबडक टबडक' चाललं. मग नातबाईंना राक्षस मागे लागलेला हवा झाला. आता 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीचा मी. तेव्हाच्या नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' करत यायचे. तोच मान राखून रात्री दहाला मी खच्चून आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी जिन्यात थांबवून अत्यंत काळजीनं विचारलं, "पित्ताचा त्रास आहे का हो?"

पान उघडताना घोडा पुढे धावतो. पण उघडलेलं पान कधीतरी मिटावं लागतं आणि मिटताना तोच घोडा मागे मागे जातो. हे नातीच्या तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

"आबा, उलटा का पळतोय?"

झोप अनावर झाली होती. म्हणालो, "घरी काहीतरी विसरलाय."

"काय?"

"डबा."

झालं. त्या दिवसापासून घोडा रोज काहीतरी विसरतो. रुमाल, चष्मा, छत्री, बँकेचं पासबुक. ही स्वयंपाकघरातून म्हणते, "तुमच्यावर गेलाय." पण नातीच्या मनात डब्यानं घर केलं. घोडा उपाशी पळतोय ही गोष्ट तिला खाऊ लागली.

मधल्या काळात मी जरा वाचन केलं. म्हटलं, छळणाऱ्याची कुंडली तरी माहीत असावी. तर घोडा पळताना त्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, हा प्रश्नच दीडशे वर्षांपूर्वी लोकांना पडला होता. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत ओळीनं कॅमेरे मांडले. घोडा धावत येईल तसे आडवे बांधलेले दोरे तुटायचे आणि एकेक फोटो निघायचा. उत्तर आलं, हो, असतात. पण चित्रकार दाखवत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. हे मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ही म्हणाली, "गणपतीच्या देवळापुढं उभं राहिला असता तर टांग्याच्या घोड्याचं फुकटात दिसलं असतं." टांग्याचा घोडा चौखूर उधळत नाही, हे बोलायचं मी टाळलं. आमटी अजून वाढायची होती.

घरात आणखी एक हलत्या चित्रांचं पुस्तक होतं. त्यात कागदी पट्टी ओढली की हत्ती सोंड वर करायचा. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात लोथार मेगेनडॉर्फर असली पुस्तकं करायचे. पानाच्या पोटात तांब्याच्या तारेच्या इवल्याशा गाठी, एक पट्टी ओढली की चित्रातल्या माणसाचे हात, डोळे, जबडा सगळं एकदम हलायचं. आमच्या हत्तीची एकुलती एक पट्टी तिसऱ्या दिवशी हातात आली. मी डिंक लावून बसवली. डिंक जरा सढळ झाला. तेव्हापासून हत्तीची सोंड वर आहे ती आहेच. नातीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

घोड्याच्या पुस्तकात तसे आणखीही प्राणी आहेत. कुत्रा, मांजर, माकड. त्यांना कुणी विचारत नाही. शेवटच्या पानावर कासव आहे. ते मी दुकानाच्या पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा ओझरतं पाहिलं होतं, नंतर आमचं तिथवर जाणं झालं नाही.

गेल्या मंगळवारी रात्री पान उघडलं आणि घोडा जागेवर. नेट लावला. आतून 'कर्र' असा आवाज. पानाच्या कडेला, कागद सरकतो तिथल्या फटीत, काहीतरी पिवळं दिसलं. मी चष्मा वर करून बारकाईनं पाहिलं. चुरमुरा होता. चपटा झालेला, हळद-तिखट लागलेला. त्याच्यामागे आणखी एक. आणि त्याच्यामागे लसणाची पाकळी.

"डबा दिला," नात म्हणाली.

सांगलीच्या घोड्याला उपाशीपणी भडंग सोडून दुसरं काय देणार? चूक तिची नव्हती. विसरायला मीच लावलं होतं. पण बँकेत चाळीस वर्षं अडकलेली कपाटं उघडलेल्या माणसाचा हात थांबतो थोडाच! मी जोर लावला. पान उघडलं. चुरमुरे बाहेर आले आणि त्यांच्याबरोबर रेघांचं प्लास्टिकही, मधोमध दुमडून, एका कोपऱ्यात तेलकट होऊन.

खाली राहिला तो घोडा नव्हताच. साबणाच्या वेष्टनावर असतो तसला रेघांचा पट्टा, जरा पाठीला बाक आलेला. सहाच्या सहा घोडे एकदम समोर उभे, आणि एकही दिसेना.

नातीनं खालचा ओठ बाहेर काढला. आमच्या घरात हा भोंगा समजला जातो.

मला काय सुचलं कोण जाणे, हिची फणी आणली. बारीक दातांची, लाकडी, हिच्या आईकडून आलेली. म्हटलं, गजच हवेत ना, दाते काय वाईट? फणी रेघांवर आडवी धरली आणि हळूच सरकवली. दात्यांचं आणि छापील रेघांचं अंतर जुळेना, त्यामुळे घोडा काही धावला नाही. पण रेघांवरून लहरी उठल्या, पुढून मागे, मागून पुढे. अख्खा घोडा अंगभर शहारला.

"अगं बाई, त्याला ऊ झालीय का?" ही दारातून म्हणाली. तिला फणी दिसली होती.

नात मात्र वाकून बघत राहिली. मी पुन्हा फणी सरकवली. घोडा पुन्हा थरथरला.

"थंडी वाजतेय त्याला," ती म्हणाली. मग पानाला हात लावून, "ताप आहे."

तिनं माझ्या उशीवरचा पंचा ओढला, चार घड्या घालून पुस्तकावर पांघरला, कडा नीट खोचल्या. फणी माझ्या हातातून काढून आजीला दिली.

"दिवा घालव, आबा. आवाज करू नको. त्याला झोपू दे."

घड्याळात सव्वानऊ. ट्यूबलाइट बंद. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी या वेळेला उशीवर डोकं टेकलं. दुखरं मनगट पोटावर ठेवलं. लांबून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली, ती कधी ऐकू यायची हेही मी विसरलो होतो. डोळा लागतच होता.

"आबा."

मी श्वास लांबवला.

"आबा, कासवाला बरंय ना?"

"बरंय."

"बघूया?"

मी उठून ट्यूबलाइट लावली.