ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ झाले, असं नाही

काल सकाळी वॉर्डात एक इंटर्न रक्ताचे नमुने घेत होती. सात नंबरच्या आजींचं झालं. त्याच ग्लोव्हजनी तिनं सलाईन हळू केलं, खाटेचा कठडा धरला, ॲप्रनच्या खिशातला फोन काढून पाहिला आणि आठ नंबरकडे वळली. मी थांबवलं, तर ती गोंधळली. "मॅडम, ग्लोव्हज आहेत ना!"

मुलगी हुशार आहे. हात कधी स्वच्छ करायचे, याचे जागतिक आरोग्य संघटनेचे पाचही प्रसंग तिनं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, धडाधड सांगितले असते. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून हे जास्त लागतं. पाठ तर आम्हीच करून घेतलं! पण पेशंटला न शिवता नुसता त्याच्या लॉकरला किंवा सलाईनच्या स्टँडला हात लागला तरी हात स्वच्छ करायचे, हा पाचवा प्रसंग खाटेपाशी हमखास विसरतो. ग्लोव्हज एका पेशंटपुरतेच, आणि काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच.

मध्यंतरी मुलांना अतिनील (यूव्ही) दिव्याखाली चमकणारं जेल हाताला चोळायला दिलं. तळवे लख्ख उजळले. अंगठे आणि बोटांची टोकं मात्र काळीच राहिली. नाडी आपण त्याच टोकांनी बघतो. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, २० ते ३० सेकंद चोळायचं असतं, साबणानं धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) या जिवाणूच्या जुलाबात साबण-पाणीच हवं, त्याचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलनं मरत नाहीत. हे तर कित्येक रेसिडेंटनाही ठाऊक नसतं.

१८४७ साली व्हिएन्नातल्या इस्पितळात शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासत. तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या प्रसूती विभागात १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हाही प्रश्न शिकाऊ हातांचाच होता.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारणं मला पटत नाही. बेसिन वॉर्डाच्या टोकाला, त्यावर साबण असेलच असं नाही, आणि राउंड घेणारे सर एका खाटेवरून दुसरीकडे तसेच जातात. पोरं पुस्तकापेक्षा सरांचे हात बघून शिकतात. प्रत्येक खाटेला हँडरबची बाटली अडकवा आणि राउंडला पहिला हात युनिट हेडनी चोळावा, एवढंच मी कॉलेजकडे मागतेय.

आज ती इंटर्न आठ नंबरपाशी हात चोळत उभी होती. युनिट पुढे निघून गेलं होतं, तरी हात वाळेपर्यंत ती हलली नाही.